दगडावर ठेवलेली किल्ली

डोळे मिटा. तुम्ही एका जंगलातून चालला आहात. वाट कशी आहे? पुढे एक किल्ली पडलेली दिसते, तिचं काय करता? मग एक पेला दिसतो, एक अस्वल आडवं येतं, थोडं पुढे पाणी लागतं आणि शेवटी एक भिंत.

हा खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. सहलीत, ऑफिसच्या प्रशिक्षणात, नाहीतर कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवला म्हणून. सगळ्यांची उत्तरं सांगून झाली की मग अर्थ सांगितले जातात. वाट म्हणजे तुमचं आयुष्य, किल्ली म्हणजे ज्ञान, अस्वल म्हणजे संकटं, पाणी म्हणजे प्रेम, भिंत म्हणजे मृत्यू. मला हा खेळ मनापासून आवडतो. फक्त त्यातली शेवटची पाच मिनिटं, अर्थ सांगण्याची, मला फार खटकतात. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

काही वर्षांपूर्वी दोन दिवसांच्या एका शिबिरात हा प्रवास घेतला होता. पंधरा-सोळा जण गोल करून बसलो होतो, माझ्या शेजारी माझी मैत्रीण होती. तिने कागदावर लिहिलं होतं: किल्ली लहान, पितळेची, लाल दोरा बांधलेली. उचलली, पुसली आणि बाजूच्या दगडावर ठेवून पुढे गेले. प्रशिक्षकांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि म्हणाले, "किल्ली म्हणजे ज्ञान, संधी. तुम्ही हातात आलेली संधी सोडून देता. नवीन शिकायची ओढ कमी दिसते." ती कसनुशी हसली. मग तिने कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी, आणखी एक, आणि तो चौकोन मुठीत धरून ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत गप्प बसली. ही तीच बाई, जिने नोकरी आणि घर सांभाळून रात्री जागून पदवी पूर्ण केली होती.

संध्याकाळी मी तिला विचारलं, दगडावर का ठेवलीस गं?

"अगं, दोरा होता ना तिला. म्हणजे कुणाच्या तरी रोजच्या वापरातली असणार. तो माणूस शोधत येईलच की परत. पाचोळ्यात त्याला दिसली नसती."

तिचा स्वभाव त्या एका वाक्यात अख्खा आला होता. फक्त ते वाक्य तिच्या तोंडून यायला हवं होतं, आणि त्यासाठी कुणीतरी "का?" एवढंच विचारायला हवं होतं.

कल्पनेतल्या प्रवासातून मनाचा ठाव घ्यायची कल्पना उथळ नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग १९१३पासून स्वतःच्या जागेपणीच्या कल्पनाचित्रांमध्ये उतरत होते, तिथे भेटणाऱ्या व्यक्तींशी बोलत होते आणि ते सगळं लिहून, रंगवून ठेवत होते. पुढे १९५०च्या दशकात हान्सकार्ल लॉयनर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञांनी यातून उपचाराची रीतसर पद्धत बांधली. माणसाला शांत आडवं करायचं आणि कल्पना करायला सांगायचं: कुरण, ओढा, डोंगर, घर, जंगलाची कड. म्हणजे आपल्या खेळातल्यासारखीच ठिकाणं! पण तिथे उपचारक सोबत्यासारखा असतो. ओढ्याचं पाणी कसं आहे, हात घालून बघावंसं वाटतं का, उगमाकडे जायचंय की उताराने, असं विचारत तो बरोबर चालतो. पुढचं पाऊल ज्याचा प्रवास आहे तोच टाकतो. पाणी म्हणजे अमुक, असा निकाल कुणी हातात देत नाही.

आपल्याकडे पोचला तो खेळ, सोबत घेऊन आला अर्थांचा तक्ता. आणि तक्ते तरी एकमेकांशी कुठे जुळतात? एका प्रकारात पाणी म्हणजे प्रेम, दुसऱ्यात शरीरसुख, तिसऱ्यात नुसत्या भावना. जंगलाऐवजी वाळवंटाचा प्रवास असतो, त्यात घनाकृती ठोकळा, शिडी, घोडा, वादळ आणि फुलं येतात. तिथे घोडा म्हणजे जोडीदार आणि फुलं म्हणजे मुलंबाळं. ज्याचं बालपण घोड्यांची निगा राखण्यात गेलं आणि ज्याने घोडा फक्त चित्रात पाहिला, त्या दोघांच्या मनात एकच अर्थ कसा बसेल? स्वप्नांचा अर्थ लावताना मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइडसुद्धा आधी स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारत असत, की या गोष्टीवरून तुला काय काय आठवतं.

"पण मला तर तंतोतंत लागू पडलं!" हे मी दर वेळी ऐकते, आणि स्वतः म्हटलेलंही आहे. १९४८मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाला त्याचं वर्णन दिलं. ते कितपत जुळतं याला ५पैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग उघड झालं की सगळ्यांना शब्दन् शब्द एकच मजकूर दिला होता, तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. "वरून शिस्तबद्ध वाटता, पण आतून काळजी करता." सांगा बरं, हे कुणाला लागू पडणार नाही?

फसवणूक फक्त ऐकणाऱ्याची होते असंही नाही, सांगणाऱ्याचीही होते. मला तर हे जास्त महत्त्वाचं वाटतं. लॉरेन आणि जीन चॅपमन या दांपत्याने १९६७मध्ये विद्यार्थ्यांना माणसांची चित्रं आणि त्यांसोबत ती काढणाऱ्यांची लक्षणं दाखवली. जोड्या मुद्दामच कशाही लावल्या होत्या, त्यात काहीही संबंध नव्हता. तरी विद्यार्थ्यांना संबंध दिसला: संशयी माणूस डोळे ठळक काढतो. अशा चित्रांवरून निदान करणारे अनुभवी तज्ज्ञही हेच सांगत असत. संशय आणि डोळे ही जोडी आपल्या डोक्यात आधीच बसलेली असते, मग ती समोरही दिसू लागते. भिंत आणि मृत्यू, अस्वल आणि संकट यांचंही तसंच. शिबिरातले प्रशिक्षक लबाड नव्हते. त्यांना खरोखरच ते दिसत होतं.

आणि आदल्या रात्री काय वाचलं, येताना वाटेत काय पाहिलं, प्रश्न कुठल्या सुरात विचारला, यानेही चित्र बदलतं. हे तर तुम्हीही ताडून पाहू शकता.

मग या खेळात उरतं काय? माझ्या मते बरंच काही. जी गोष्ट "तू कशी आहेस?" या प्रश्नाने कधीच बाहेर आली नसती, ती पाचोळ्यातल्या किल्लीमुळे बाहेर येते. थेट प्रश्नाला माणूस तयार उत्तर देतो, कल्पनेतल्या जंगलात मात्र त्याच्याकडे काहीच तयार नसतं. त्यामुळे मी अजूनही हा प्रवास घेते, पण चार-पाच जणांत, आणि तक्ता न वापरता. प्रत्येकाने आपल्याला आवडेल तेवढंच सांगायचं. बाकीच्यांनी अर्थ सांगायचा नाही, फक्त विचारायचं. भिंत कशाची होती? तिच्यावर ऊन होतं का? तू हात लावलास? कुणी म्हणालं, पुढचं नाही सांगायचं, की विषय तिथेच संपला. आणि यावरून कुणाला नोकरीत घ्यायचं, कुणाशी लग्न करायचं, कुणाला आजारी ठरवायचं असले निर्णय कृपा करून घेऊ नका. हात जोडून सांगते.

त्याच शिबिरात एक जण होता, त्याने कोरा कागद दिला होता. "मला काहीच दिसत नाही," म्हणाला. त्यावर त्याला ऐकावं लागलं की तू मन बंद करून बसला आहेस. काही माणसांना डोळे मिटल्यावर चित्र दिसतच नाही, हे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८०मध्येच नोंदवलं होतं. मेंदूविकारतज्ज्ञ अॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये त्याला 'अफँटेशिया' असं नाव दिलं. तो आजार नाही आणि हट्टही नाही. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. तो मान खाली घालून बसून राहिला, आणि त्याच्या बाजूने मीही काही बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या वर्षी तो पुन्हा भेटला. मी झाल्या गोष्टीची माफी मागितली, आणि मग 'दिसणं' हा शब्द पूर्ण टाळून विचारलं, तुझी वाट कशी आहे?

तो जरा थांबला. "दिसत नाही," म्हणाला, "पण उताराची आहे. डाव्या हाताला पाणी आहे, आवाजावरून लांब असावं. आणि माझ्या मागून कुणीतरी येतंय. म्हणून मी सावकाश चालतोय."