दिव्यांगांच्या निवासी संस्थांना ‘कडक सिक्युरिटी’ हवी म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: बौद्धिक दिव्यांगांच्या सरकारी आणि अनुदानित निवासी संस्थांमधली मुलं-माणसं कधी हिंसक होतील याचा नेम नाही, म्हणून गेटवर माजी सैनिक नेमा आणि रात्री खोल्यांना बाहेरून कुलूप लावा, अमेरिकेत अशा संस्थांचे स्वतःचे पोलीस असतात, म्हणून तिथे सगळं सुरक्षित आहे. मी विशेष शिक्षक आहे. गेटवर सुरक्षा रक्षक हवाच, यावर वाद नाही. पण मेसेजमधले मुद्दे टिकणारे नाहीत, आणि त्यातला एक तर जीवघेणा आहे.

तो आधी घेतो. कुलूप. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूच्या किनाऱ्यावर एरवाडी इथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. बाहेरून लावलेलं कुलूप आगीच्या वेळी हेच करतं. शिवाय आमच्या बऱ्याच मुलांना फिट येतात, पुष्कळदा झोपेतच. बंद दाराआड फिट आली तर कळणार कुणाला? माणसं कमी आहेत एवढ्याच कारणावरून रुग्णाला बांधून ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली आहे. मनोरुग्णालयात जे चालत नाही ते निवासी शाळेत कसं चालवून घ्यायचं?

आता ‘नेम नाही’ हे. बहुतेक वेळा नेम असतो, पाहणारा हवा. समजा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा गेटपाशी आलाय. कानांवर हात, येरझारा, तोंडात एकच शब्द पुन्हा पुन्हा. रक्षक जोरात शिट्टी मारतो आणि मागून दंड धरतो. मुलगा चावतो. रजिस्टरमध्ये नोंद होते, ‘मुलाने हल्ला केला’. शिट्टीची नोंद कुठेच नाही. तोच रक्षक बाजूला सरला, आवाज खाली ठेवून “चल, पाणी पिऊया” एवढंच म्हणाला आणि थांबला, तर पुष्कळदा काहीच घडत नाही. दात दुखतोय हे ज्याला बोलून सांगता येत नाही, तो डोकं आपटून सांगतो. त्यावर उपाय दाताचा डॉक्टर, दंडुका नव्हे.

माजी सैनिकांबद्दल मला आदर आहे. शिस्त, रात्रीची जाग, आग विझवण्याची माहिती हे सगळं उपयोगाचं. पण खासगी सुरक्षा रक्षकांसाठी केंद्राने २००६ मध्ये जे आदर्श नियम केले, त्यांत नव्या माणसाला १६० तासांचं प्रशिक्षण होतं आणि माजी सैनिक-पोलिसांना फक्त ५६ तासांचं. अभ्यासक्रमात गर्दी आवरणं होतं, ओळखपत्र तपासणं होतं, लष्करी हुद्द्यांची चिन्हं ओळखणंसुद्धा होतं. घाबरलेल्या दिव्यांग माणसाशी कसं वागायचं, हा विषय त्यात नव्हता. तो संस्थेनेच शिकवायला हवा. फिट आली तर कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. एका दुपारचं काम आहे.

आणि कोकणात तर रक्षकाचं खरं काम वेगळंच आहे. स्वमग्न मुलं नजर चुकवून निघून जातात, त्यातल्या पुष्कळांना पाण्याची ओढ असते. आपल्याकडे चार पावलांवर पऱ्ह्या (ओढा), पलीकडे खाडी, मधे बिनकठड्याच्या विहिरी. मूल दिसेनासं झालं की पहिल्या पाच मिनिटांत रस्त्याकडे नाही, पाण्याकडे धावायचं. त्यासाठी आसपासची प्रत्येक विहीर माहीत असलेला आणि कोणतं मूल कुठे ओढलं जातं हे ठाऊक असलेला माणूस लागतो. दर तीन महिन्यांनी बदलणारा गार्ड हे कसं करणार?

अमेरिकेचं उदाहरण तर उलटंच बोलतं. कॅलिफोर्नियातल्या बौद्धिक दिव्यांगांच्या सरकारी केंद्रांना खरोखरच स्वतःचं पोलीस दल होतं. २०१२ मध्ये ‘कॅलिफोर्निया वॉच’च्या पत्रकारांनी दाखवून दिलं, की आतल्या अत्याचारांचा तपास हे दल नीट करतच नव्हतं, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींत वैद्यकीय तपासणीसुद्धा करून घेतली जात नव्हती. त्याच वर्षी तिथे गंभीर प्रकार बाहेरच्या पोलिसांना कळवणं बंधनकारक करणारा कायदा झाला. त्यातलं सोनोमाचं केंद्र तर २०१८ अखेर बंदच झालं.

लांब कशाला जायचं? २०११ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कळंबोलीच्या संस्थेत मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघड झाले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत खुद्द संस्थाचालक होता. गेटवर कितीही बलदंड माणूस उभा केला असता तरी तो या माणसाला सलाम ठोकूनच आत सोडणार होता. मेसेजमध्ये यावर एक ओळ नाही, याचा मला फार राग येतो.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं कलम १९ रक्षकालाही लागू आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर त्याने थेट पोलिसांना कळवायचं, अधीक्षकांच्या परवानगीची गरज नाही. हे त्याला नेमणुकीच्या दिवशीच सांगायला हवं, आणि कळवल्यामुळे त्याची नोकरी जाणार नाही हे एजन्सीच्या करारात लिहून घ्यायला हवं. तुमचं मूल अशा संस्थेत असेल तर पुढच्या पालक सभेत तो करार दाखवायला सांगा. प्रशिक्षण कोण देणार, रात्री स्त्री रक्षक आहे का, आणि रजिस्टर संस्थेबाहेरचं कोण तपासतं, हे तिथेच विचारा.