शिक्षेचं माप: सुभेदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार. आर्मी ॲक्टचं कलम 63 जपून वापरावं, छोट्या चुकीला जबर शिक्षा नको, असं म्हणणारा माझा लेख वाचून तुम्ही रागावलात. ‘मुंबईत पंख्याखाली बसून फौजेला शहाणपण शिकवू नका, शिस्त ढिली झाली की सीमेवर माणसं मरतात,’ असं लिहिलंत. तुमच्या नोकरीबद्दल मनापासून आदर आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

शिस्त हवीच. राज्यघटनेच्या कलम 33 ने त्यासाठी जवानांचे मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा संसदेला दिली आहे. पळून जाणं, वरिष्ठावर हात उगारणं, पहाऱ्यावर झोपणं, यांना वेगळी कलमं आहेत. उरलंसुरलं सगळं कलम 63 च्या पोटात जातं: शिस्तीला बाधक अशी कुठलीही कृती किंवा हयगय, शिक्षा सात वर्षांपर्यंत. एवढं ऐसपैस कलम जपून वापरावं, इतकंच माझं म्हणणं.

कलम वेगळं असलं तरी शिक्षेच्या मापाचा मुद्दा तोच, म्हणून आज्ञाभंगाचंच उदाहरण घ्या. रणजित ठाकूर हा सिग्नल रेजिमेंटचा जवान. आपल्या सीओची (कमांडिंग ऑफिसर, म्हणजे युनिटचा प्रमुख) तक्रार त्याने थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे केली, म्हणून त्याच सीओने 28 दिवस सक्तमजुरी दिली. ती भोगताना 29 मे 1985 ला ‘जेवण घे’ हा हुकूम त्याने मानला नाही, असा आरोप आला. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल, म्हणजे सीओ स्वतःच चालवतो ते झटपट लष्करी न्यायालय! त्यात हाच सीओ न्याय द्यायला बसलेला. निकाल: एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द करून त्याला परत नोकरीत घ्यायला लावलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच न्याय करायचा नसतो, आणि शिक्षाही गुन्ह्याच्या मानाने भलतीच जबर होती. यात फौजेची शिस्त कुठे बिघडली, सांगा.

बडतर्फीत नुसती नोकरी जात नाही, सहसा पेन्शनही जाते. तेरा-चौदा वर्षं झालेला जवान पस्तिशीच्या आत रिकाम्या हाताने गावी परततो. घरच्यांनी काय केलं होतं?

रेड इंक एंट्री (रेकॉर्डमध्ये लाल शाईने होणारी शिक्षेची नोंद), पगारकपात, लाईनबंदी (बराकीच्या हद्दीबाहेर जायला मनाई) हे उपाय सीओच्या हाती आहेतच. छोट्या चुकीला ते पुरतात.

तुमच्या ओळखीत कुणाला समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फ केलं असेल, तर दाद मागायला मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. कार्यवाहीची प्रत मागून घ्यायला सांगा आणि मुदत टळू देऊ नका.