राणीच्या बागेतल्या पुतळ्यांची खरी गोष्ट लिहा

मुंबईत राणीच्या बागेत आपण पोराबाळांना घेऊन पेंग्विन बघायला जातो. पण तिथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागे, इंग्रजांचे पुतळे उभे आहेत, तिकडे क्वचितच कुणी फिरकतं. १९६५ साली ते शहरातल्या चौकांतून हलवून बागेत आणले. "गुलामीच्या खुणा आहेत, फेकून द्या" असं काहीजण म्हणतात. काहींना ते निव्वळ सुंदर शिल्पं म्हणून जपायचे आहेत. मला दोन्ही पटत नाही.

व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा घ्या. दगडात कोरलेली वस्त्राची चूण न् चूण बघत राहावी असं काम आहे. पैसे कुणाचे? बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचे, म्हणजे एका मराठी संस्थानिकाचे! १८७२ साली हा पुतळा फोर्टात बसला. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याच्याच तोंडाला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी, २२ जून १८९७ च्या रात्री, याच राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून निघालेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर त्यांनी पुण्यात गणेशखिंडीत गोळी झाडली. एकाच पुतळ्यापुढे आपल्यातलेच काही झुकले, काही पेटून उठले. हे सांगितलं नाही, तर मुलांना तिथे फक्त एक गोरी बाई दिसणार.

काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्डही इथेच आहे. तो युवराज असताना मुंबईला आला, त्याची आठवण म्हणून मुंबईचे व्यापारी ससून यांनी दिलेला. २०१७ मध्ये काळा घोडा परिसरात नवा घोडा बसवला, स्वाराशिवाय. मला तो निर्णय फार आवडला.

आणि घारापुरीचा दगडी हत्ती! १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली आणि त्याचे तुकडे झाले. ते पुढे जोडले, म्हणून तो आज संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ही लुटीची गोष्ट आहे, तशीच ती सांगायला हवी.

महापालिकेला माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक पुतळ्यापाशी नीट फलक लावा. पैसे कुणी दिले, विरोध कुणी केला, तो मूळ जागेवरून कधी आणि का हलवला, सगळं लिहा. नुसतं नाव आणि साल नको. आणि फलक मराठीत हवा, दहा वर्षांच्या मुलाला मान वर न करता वाचता येईल इतक्या उंचीवर.