तुटलेला बेल्ट आणि माझं चुकलेलं एक वाक्य

काका, नमस्कार.

माझ्या मारुती आठशेचा अल्टरनेटर बेल्ट (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो तो) रस्त्यात बदलल्याचा लेख मी गेल्या आठवड्यात टाकला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मग खाली जाऊन, गाडीचं बॉनेट उघडून, पुन्हा एकदा वाचली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसानं वेळ काढून एवढं लिहिलं, तर दोन ओळींचं 'धन्यवाद' टाकून सुटणं बरं दिसणार नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. 'जवळ नवा बेल्ट नसेल तर लाइट, ब्लोअर, टेप बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर पंधरा-वीस किलोमीटर सहज जाता येतं' असं मी शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं. ते साफ चूक आहे, ते वाचून कुणाच्या तरी इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, जाईल, असं तुम्ही म्हणालात. पुढे म्हणालात की बेल्ट बदलणं हे मिस्त्रीचं काम आहे, यूट्यूब बघून अंदाजानं ताण देणारे लोक बेअरिंगची वाट लावतात. आणि शेवटी, १९९९ची आठशे आता भंगारात द्या, तिच्यावर लेख कसले लिहिता.

पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. चूक माझी आहे आणि ती लहान नाही. आठशेच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून निघालेला एकच व्ही बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो आणि अल्टरनेटरही. तो तुटला की चार्जिंग बंद पडतं हे डॅशबोर्डवरचा लाल दिवा सांगतो. पाणी फिरायचं थांबलं हे मात्र कुणी सांगत नाही. मी त्या लाल दिव्याच्या नादात सगळा हिशोब बॅटरीचा मांडला आणि पंप विसरलो.

विसरलो कसा, तेही सांगतो, कारण माझ्यासारखे आणखी असतील. आमच्या दादाकडे पूर्वी फियाट पॅलिओ होती, १.२ पेट्रोल. त्या इंजिनात पाण्याचा पंप व्हॉल्व्ह चालवणाऱ्या आतल्या टायमिंग बेल्टवर चालतो. एकदा उंब्रजजवळ तिचा अल्टरनेटरचा बेल्ट गेला. बेल्ट जुनाच झाला होता. भर दुपार होती, लाइट लागणार नव्हते, तेव्हा आम्ही तसेच कराडपर्यंत आलो आणि गाडीला काही झालं नाही. तो अनुभव माझ्या डोक्यात 'बेल्ट तुटला तरी जाता येतं' एवढाच उरला. कुठल्या गाडीचा, कुठला बेल्ट, हे गळून गेलं. आणि तोच मी आठशेच्या लेखात उचलून ठेवला.

त्यात भर म्हणजे आपल्याकडचं नाव. आठशेच्या या बेल्टला आजही गॅरेजात आणि स्पेअर पार्टच्या दुकानात 'फॅन बेल्ट'च म्हणतात. पद्मिनी, अँबॅसेडर, जीप यांच्यात तो खरोखर पंखा फिरवायचा, म्हणून ते नाव बसलं. आठशेचा रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटरवर चालतो, बेल्टशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे नवखा माणूस काय समजतो? पंखा तर फिरतोय, मग इंजिन थंडच राहणार. पंखा फिरतो तो रेडिएटरमध्ये थांबलेल्या पाण्यावर, आणि खरी उष्णता हेडमध्ये अडकलेली असते.

तिथे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहितो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूचं पाणी जागच्या जागी उकळायला लागतं. वाफेचे बुडबुडे धातूला चिकटून बसतात आणि वाफ पाण्यासारखी उष्णता ओढून घेत नाही. हेड ॲल्युमिनियमचं, ते तापून वाकतं. हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅसकेट, फुटतं. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर. काट्यावरही विसंबता येत नाही. तापमानाचा सेन्सर एका जागी बसलेला असतो आणि पाणी फिरत नसेल तर हेडच्या त्या कोपऱ्यातली आग त्याच्यापर्यंत उशिरा पोचते. होस फुटून पाणीच निघून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा भलतंच दाखवू शकतो.

तेव्हा ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. गुपचूप काढलेलं नाही, त्या जागी 'हे चुकलं होतं' असं लिहून ठेवलं आहे. आता तिथे असं आहे: लाल दिवा लागला की पहिली सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बॉनेट उघडून बेल्ट जागेवर आहे का बघा. नसेल, आणि तुमच्या गाडीत तोच बेल्ट पंप फिरवत असेल, तर गाडी तिथून हलवायची ती ओढून. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, आतलं दाबाखालचं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. आणि आपल्या गाडीचा पाण्याचा पंप कशावर चालतो, हे आजच मिस्त्रीला विचारून ठेवा.

बॅटरीचं गणितही मी जरा सैल हातानं मांडलं होतं. आठशेची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. हेडलाइटचे दोन ५५ वॅटचे बल्ब लावले की तेच नऊ अँपिअर ओढतात. वर टेललाइट, इग्निशन, पावसात वायपर. तीन वर्षांची बॅटरी कागदावरची ताकद देत नाही. म्हणजे पॅलिओसारख्या गाडीतसुद्धा रात्री, पावसात, 'बॅटरीवर जाऊ' म्हणणं धोक्याचंच. दिवे मंद होत होत हायवेवर गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसणारच नाही.

आता दुसरा मुद्दा. इथे मात्र काका, मी तुमच्याशी सहमत नाही. का, ते सांगण्यासाठी माझा बेल्ट तुटला कसा हे सांगावं लागेल. मूळ लेखात मी ते टाळलं होतं.

पुण्याहून साताऱ्याला येत होतो. खंबाटकी उतरून वेळे गावाच्या पुढे आलो, फट्‌ असा आवाज झाला, बॉनेटखाली काहीतरी दोनदा आपटलं आणि लाल दिवा लागला. बाजूला घेतली. रविवार, दुपारी अडीच. डिकीत नवा बेल्ट होता आणि पान्यांची पिशवी होती, म्हणून निभावलं. पण काम करताना एक गोष्ट दिसली. अल्टरनेटरच्या वरच्या पट्टीला जी लांबट खाच असते, ज्यात बोल्ट सरकवून ताण देतात, त्या खाचेच्या अगदी शेवटच्या टोकाला बोल्ट टेकलेला होता. पुढे सरकायला जागाच नव्हती. वर्षभरापूर्वी एका गॅरेजात बेल्ट बदलून घेतला होता. तो थोडा लांब मापाचा बसवला होता. नवा असताना कसाबसा ताणला गेला, मग जरा वाढला आणि पुढे कुणालाच तो ताणता येईना. सकाळी स्टार्ट केल्यावर, किंवा हेडलाइट लावले की, कुईं करायचा. मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा बेल्टला साबण लावून दिला. आवाज चार दिवस थांबायचा. सटकणारा बेल्ट पुलीवर घासत राहिला, तापत राहिला. तुटलेला तुकडा हातात घेतला तेव्हा त्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या आणि आतल्या अंगाला नखाएवढ्या अंतरानं आडव्या चिरा होत्या.

ती खाच मी वर्षभर रोज बघू शकलो असतो. बॉनेट उघडलं की समोरच आहे. काय बघायचं हे माहीत नव्हतं म्हणून दिसली नाही. मला लेखातून हेच पोचवायचं होतं. मिस्त्रीची मजुरी वाचवायचा माझा विचार नाही. आमच्या पेठेतल्या मिस्त्रींनीच मला हे काम शिकवलं, आणि आजही क्लच, ब्रेक, कार्बोरेटर त्यांच्याच हातचं लागतं. पण बेल्ट आपण एकदा स्वतः काढून घातला, की दुसऱ्यानं घातलेला बरोबर बसलाय का हे पुढे आयुष्यभर कळतं.

ताण अंदाजानं देऊ नये, हे तुमचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं. म्हणून ताणाबद्दल इथे नीट लिहितो, लेखात ते दोन वाक्यांत उरकलं होतं. आधी किल्ली काढून खिशात. मग बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडायची, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरला इंजिन बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो आणि पाना तिथून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. खालचा बोल्ट सैल, वरच्या पट्टीचा बोल्ट सैल, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलायचा. नवा बेल्ट घालायच्या आधी पंपाची आणि अल्टरनेटरची, दोन्ही पुल्या हातानं फिरवून बघायच्या. अडखळत असतील, खरखर करत असतील, तर बेल्ट बदलून उपयोग नाही, तोही जाणार. खाचांत ऑइल असेल तर पुसून काढायचं, रबर ऑइलनं फुगतं.

बेल्ट खाचेत बसला की त्याची वरची कड पुलीच्या काठाच्या जवळपास बरोबरीला यायला हवी. आत बुडालेला दिसला तर माप चुकलंय किंवा पुली झिजलीय. व्ही बेल्ट दोन्ही बाजूंच्या उतारावर पकड घेतो, तळाला टेकला की सटकतो. मग हातोड्याचा लाकडी दांडा इंजिन आणि अल्टरनेटरच्या जाड भागाच्या मध्ये घालून बाहेर दाबायचं. मागच्या पातळ कव्हरवर जोर दिला तर ते तडकतं. दाबून धरूनच वरचा बोल्ट आवळायचा, मग खालचा. पंप आणि अल्टरनेटर यांच्या मधल्या लांब भागावर अंगठ्यानं चांगलं जोरात दाबायचं. बेल्ट पेन्सिलीच्या जाडीएवढा, म्हणजे सात-आठ मिलिमीटर, खाली जायला हवा. जातच नसेल तर तुम्ही म्हणता तसं बेअरिंग खाईल, अल्टरनेटरचंही आणि पंपाचंही. बोटभर जात असेल तर सटकेल. मी खिशातली पेन्सिल खरोखरच बेल्टशेजारी धरून बघतो.

नवा बेल्ट दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडा ढिला होतो, तेव्हा पुन्हा एकदा दाबून बघून ताण द्यायचा. हे बरेच जण विसरतात, गॅरेजवाले आणि गिऱ्हाईक दोघंही. आणि दुकानात जाताना जुना तुकडा बरोबर न्यावा, गाडीचं साल सांगावं, एसी आहे की नाही ते सांगावं. माझी साधी, बिनएसीची आहे. एसीच्या गाडीत कॉम्प्रेसरचा वेगळा बेल्ट असतो आणि काम थोडं वाढतं. दोन्हीत टायमिंग बेल्ट निराळा, तो कव्हरच्या आत, दातांचा. त्याला घरी हात लावायला मी कुणालाच सांगणार नाही.

गाडी विकण्याबद्दल फार लिहीत नाही. आठशे १९८३ साली आली आणि २०१४च्या जानेवारीत बनायची बंद झाली. इतकी वर्षं आणि इतक्या गाड्या रस्त्यावर आल्या की साताऱ्यात आजही तिचा बेल्ट, पंप, गॅसकेट मागाल तेव्हा मिळतं. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओतून पासिंग करून घेतलंय, पर्यावरण कर भरलाय. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, आईला तिच्यात चढायला-उतरायला जमतं. चालेल तोवर चालवणार.

आता एक विचारायचं आहे, आणि ते तुम्हालाच विचारावंसं वाटतं. काल बेल्ट ढिला करून पंपाची पुली पुन्हा हातानं फिरवली. ढिलेपणा अजिबात नाही, पुढेमागे हलवून बघितली. पंपाच्या खालच्या भोकातून पाणी आल्याचा डागही नाही, कोरडं आहे. पण फिरवताना एका जागी, दर फेरीला, बोटांना अगदी बारीक खर्र लागतं. इंजिन चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हर पंपाला लावून दांडा कानाशी धरला, तर काही वेगळं ऐकू येत नाही. पुढच्या महिन्यात आईला घेऊन कोल्हापूरला जायचंय. पंप आत्ताच बदलून टाकू, की तेवढी एक फेरी काढेल?