हापूस हवा, माशी नको

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलंय, ते रात्री जाळायचं की नाही? त्यातच कोणी मागणी केली, डासांसाठी धुराची फवारणी आठवड्यातून दोनदा करा. खाली लगेच देवगड हापूसच्या पेट्यांची यादी! आंब्याच्या मोहराचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात, असं मी लिहिलं. उत्तरादाखल हसरे चेहरे आले.

डेंगूची भीती खरी आहे, आमच्या घरीही होऊन गेलाय. पण डेंगू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालते साठलेल्या स्वच्छ पाण्यात. धुराने मरतात ते उडणारे डास. कुंडीखालच्या ताटलीतल्या अळ्यांना काही होत नाही. ताटली ओतायला मात्र कुणाला वेळ नाही. धूर दिसतो, काम झाल्यासारखं वाटतं. आणि धूर डास, फुलपाखरू असा भेद करत नाही. आग्या माश्या अंगावर आल्या तर जिवावर बेततं, हेही मान्य. पण हंगाम बदलला की त्या पोळं सोडून स्वतःच निघून जातात. तोवर टाकीकडे जाणं टाळा, नाहीतर जाणकार माणूस बोलवा. २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य, आणि आपण मशाली शोधतोय.

मी राहतो त्या जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्याचं उदाहरण दिलं. इथे २०१९ च्या थंडीत मधमाश्या वाचवायच्या कायद्यासाठी सतरा लाखांहून जास्त लोकांनी राटहाउससमोर, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीसमोर, रांगा लावून सह्या केल्या. त्यावर एका पुतण्याने सुनावलं, ‘काका, तुमच्या जर्मनीतच सत्तावीस वर्षांत राखीव क्षेत्रांतल्या उडणाऱ्या कीटकांचं वजन पाऊण टक्क्याने नाही, पाऊण हिश्श्याने घटलंय.’ आकडा बरोबर होता. म्हणूनच तर सांगतोय, असं मी जरा तावातावाने लिहिलं. त्या रांगेत मी नव्हतो, हे लिहिलं नाही. सही नागरिकांनाच करता येत होती आणि माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे.

सेक्रेटरीकाकांचं उत्तर आलं, ‘आधी इथे येऊन राहा, मग बोला.’ मेंटेनन्स मी भरतो, पण फ्लॅट आईच्या नावावर, त्यामुळे सभेत मतही तिचंच. तिला फोन केला, जाळायला नको म्हण. ती म्हणाली, ‘मी सांगेन रे, पण धूर आला की खिडक्या मलाच लावाव्या लागतात. तू तिथून कशाला भांडतोस?’