चौथी प्लेट

काल केटररचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. त्यात जीएसटीच्या वरच्या ओळीत लिहिलंय, 'ट्रायल प्लेट – ४'. चाखायला आम्ही तिघं गेलो होतो : मी, हे, आणि जिचं लग्न आहे ती. चौथी प्लेट ज्यांनी खाल्ली त्यांचं नावही मला ठाऊक नाही. पण माझ्या मुलीच्या रिसेप्शनचा मेनू त्यांनीच ठरवलाय.

देवउठनी एकादशी उलटली की इंदुरात लग्नांचा जो धुमाकूळ सुरू होतो त्यात गार्डन मिळालं, तारीख मिळाली, म्हणून जो हाती लागला तो केटरर धरला. पूर्वीसारखं रसोइया ठरवा, त्याची यादी घेऊन सियागंजात किराण्याच्या दुकानांत घाम गाळा, हे नको. प्लेटच्या हिशोबानं काम दिलं की आपण मोकळे, असं ह्यांचं म्हणणं. हे मोकळेच असतात.

केटररच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या हातात लॅमिनेट केलेलं मेनूकार्ड आलं. चायनीज काउंटर, राजस्थानी काउंटर, इटालियन काउंटर, आणि शेवटून दुसरं 'महाराष्ट्रियन काउंटर'. त्यात काय? वडापाव, पावभाजी, मिसळ. होळकरांची राजधानी इंदूरला आली १८१८ साली, आणि वडापाव मुंबईत जन्माला आला १९६० च्या दशकात. म्हणजे इंदूरचे मराठी लोक वडापावाला जवळजवळ दीडशे वर्षांनी वडील आहेत. आमच्या घरात आजवर एकाही लग्नात कुणी वडापाव खाल्लेला नाही. पण कार्डावर आम्ही इटालियनच्या शेजारी, दिवे लावलेल्या टपरीत.

"हे काढा," मी म्हटलं. "मला मसालेभात, अळूची पातळ भाजी, जिलबी आणि मठ्ठा हवाय."

केटररनं ह्यांच्याकडे बघितलं. "क्यों भाईसाब?"

भाईसाब गराडू, म्हणजे तळलेला कंद, खात होते.

आणि तेवढ्यात पंख्याखालच्या खुर्चीतून आवाज आला, "पहले ये तो पूछो भिया, आदमी कितने आ रहे हैं और उसमें खाने वाले कितने हैं."

साठीच्या पुढचे, पांढरा बुशशर्ट, झुपकेदार मिश्या, पायात कोल्हापुरी. मला वाटलं हे केटररचे वडील. असतात ना असे, गल्ला मुलाकडे दिलेले पण खुर्ची न सोडलेले. मी वाकून नमस्कारसुद्धा केला. त्यांनी 'खुश रहो' म्हणत खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पोऱ्याला खूण केली. त्यांच्यासमोरही प्लेट आली.

मग काकांनी खिशातून एक डबी काढली. फोटोच्या रोलची, काळी, करड्या झाकणाची. आता रोल फारसे कुठे मिळत नाहीत, पण डबी जिवंत आहे आणि तिच्यात जीरावन आहे, आमचा इंदुरी भुरभुरायचा मसाला. प्रत्येक पदार्थावर दोन टिचक्या. पनीर टिक्क्यावर दोन, हाका नूडल्सवर दोन. पास्त्यावर टाकताना जरा थांबले, मग चार टाकल्या. "अब कुछ बात बनी," असं म्हणून त्यांनी तो माझ्या मुलीपुढे सरकवला. जिला मी घरी चिमूटभर ओवा खायला लावू शकत नाही, तिनं तो मुकाट्यानं खाल्ला. वर म्हणाली, "आई, भारी लागतोय."

"हां, तो मसालाभात," केटररनं पेन उघडलं. "पुलाव में लिख लूँ?"

"पुलाव नाही तो. उसमें गोडा मसाला पडता है, काजू, खोबरं. और तोंडली."

"तोंडली मतलब?"

"कुंदरू," काका म्हणाले, आणि त्यांचा घास हातातच राहिला. "शादी में कुंदरू? भाभीजी, लड़के वाले पूना से आ रहे हैं, अस्पताल से तो नहीं आ रहे."

मी अळूकडे वळले. अरबी के पत्ते, चण्याची डाळ, शेंगदाणे, मुळा, चिंच-गूळ असं सगळं समजावून सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. मग अत्यंत मायेनं म्हणाले, "आदमी लिफाफे में पाँच सौ रुपए रख के देगा, और आप उसको पत्ते खिलाओगे?"

केटरर हसला. हे हसले. मुलगी तर टेबलावर डोकं ठेवून हसली. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं, माणूस दर्दी होता. केटरर म्हणाला, भुट्टे का कीस ठेवू, डिसेंबरात ताजी कोवळी कणसं नसतात पण फ्रोजन दाणे चालतील. त्यावर काका असे काही कडाडले की पोऱ्याच्या हातातलं पाणी सांडलं. "कीस भुट्टे का होता है, डब्बे का नहीं!" त्याऐवजी गराडू ठेवा, थंडीतला आहे, आणि दोनदा तळा, एकदा आधी, एकदा माणूस समोर उभा असताना, वरून लिंबू. एवढं बोलून त्यांनी केटररच्या हातातलं पेन घेतलं, रजिस्टरमध्ये काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, हात धुतले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्कूटरला किक मारून गेले.

तर काल बिल बघून मी फोन लावला. म्हटलं, भैया, प्लेटी तीन होत्या.

"चौथी आपके ताऊजी की थी ना, भाभीजी."

"हमारे ताऊजी? मैं तो समझी वो आपके पिताजी हैं!"

"मेरे पिताजी तो देवास में रहते हैं."

दोघंही थोडा वेळ गप्प. मग त्यानंच विचारलं, "तो फिर वो थे कौन?"

ते आता देवालाच ठाऊक. पण खरं पुढेच आहे. रजिस्टरमध्ये मसालेभात आणि अळू खोडलेलं होतं, त्याजागी 'पनीर दो तरह का'. मी म्हटलं, मी काढायला सांगितलं नव्हतं, मग तुम्ही हे चालू कसं दिलं? तर म्हणे, "मैंने सोचा घर के बड़े ने काटा है."

घर के बड़े! गार्डन मी शोधलं. पाहुण्यांची यादी मी केली, दोनदा, कारण पहिल्या यादीत ह्यांनी स्वतःच्या आत्याला विसरून ठेवलं होतं. दराची घासाघीस मी केली. हिशोबाची वही माझ्या पर्समध्ये. आणि मसालेभात नको हे ठरवायला रस्त्यावरून आलेली, जीरावनची डबी बाळगणारी मिशी पुरते! मी नऊवारी नेसून, नथ घालून त्या खुर्चीत बसले असते तरी प्रश्न 'क्यों भाईसाब' असाच आला असता. प्लेटचे पैसे त्यानं कमी केले नाहीतच. "खाई तो है ना किसी ने," म्हणाला.

प्लेटचा हा हिशोबही एकदा समजून घ्या. हे लोक माणसं मोजत नाहीत, प्लेटा मोजतात. पाहुणा चाट खाऊन प्लेट टबात टाकतो आणि जेवायला नवी घेतो, झाल्या दोन. त्याचं पोरगं नूडल्स घेतं, दोन काड्या खातं, ठेवून देतं, झाली तिसरी. आमचं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, ओला कचरा, सुका कचरा आम्ही झोपेतसुद्धा वेगळा करतो, आणि रिसेप्शनच्या त्या टबात अर्धं पनीर तसंच. पंगतीत पायाला मुंग्या यायच्या, वाढपी जिलबीच्या वेळी नेमका आपल्याला गाळून पुढे जायचा, हे मान्य. पण पान रिकामं करून उठायची लाज तरी होती. डावीकडचं मीठसुद्धा उगाच उरलं तर आजी बघायची.

हे सगळं विहीणबाईंना पुण्याला फोनवर सांगितलं. वाटलं, त्या तरी आपल्या बाजूनं बोलतील.

"अहो, मसालेभाताचं काय घेऊन बसलात!" त्या म्हणाल्या. "इथे प्रत्येक लग्नात तोच असतो. आमच्या मंडळींना तुमच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचं सगळं खायचंय. तो दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात ना, तसा माणूस मिळतो का बघा. आणि ते गराडू की काय, ते नक्की ठेवा हं."

मी फोन ठेवला. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "गराडू म्हणाल्या ना?"

आज सकाळी मी एकटी पुन्हा त्या ऑफिसात गेले. केटररच्या हातून रजिस्टर घेतलं आणि माझ्या हातानं, मराठीत, ठळक लिहिलं : 'मसालेभात. तोंडली घालून. कुणीही सांगितलं तरी खोडू नये.' खाली सही केली. त्यानं मान डोलावली, मी पायरी उतरेपर्यंत थांबला आणि मग आतल्या रसोइयाला ओरडून सांगितलं, "महाराज, एक पुलाव और जोड़ लो, कुंदरू वाला. थोड़ा ही बनाना."