योकोहामावाल्याशी संसार

माझं लग्न ठरताना आईने मुलाला काही व्यसन आहे का याची सगळीकडून चौकशी केली होती, सुपारीसुद्धा खात नाही असं कळल्यावर ती निर्धास्त झाली, पण बूटलेग गोळा करतो का हेही विचारायचं असतं हे तिला बिचारीला कुठून माहीत असणार.

ज्यांच्या घरात हे नाही त्यांच्यासाठी सांगते. बूटलेग म्हणजे गायकाने किंवा कंपनीने न काढलेलं कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग. कुणीतरी जॅकेटात टेपरेकॉर्डर लपवून नेलेला असतो, किंवा तिकडच्या टीव्हीवर दाखवलेला शो कुणीतरी व्हीसीआरवर उतरवून घेतलेला असतो, मग त्याची कॉपी, त्या कॉपीची कॉपी असं करत करत ते आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये येऊन पोचतं आणि माझा रविवार खातं. आमच्याकडचं दैवत मायकल जॅक्सन. आता मायकल मलाही आवडतो हो, पण यांना त्याची गाणी ऐकायची नसतात, ती सगळी पाठ आहेत. यांना ठरवायचं असतं की त्याचं सगळ्यात भारी अनधिकृत रेकॉर्डिंग कुठलं. कित्येक वर्षं ठरतंय, अजून ठरलेलं नाही.

दर रविवारी चारला मंडळी जमतात. मी त्यांना नावाने ओळखणं केव्हाच सोडलंय, ज्याला जिथल्या शोचं रेकॉर्डिंग सगळ्यात भारी वाटतं तेच त्याचं नाव. नवरा योकोहामावाला. त्याचा ऑफिसातला मित्र वेम्बलीवाला. माझा भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा, तो ब्रुनेईवाला, हा १९९६ साली, ब्रुनेईच्या शोच्या वेळी, जन्मलेलाही नव्हता पण सगळ्यात जास्त हाच भांडतो. आणि वरच्या मजल्यावरचे काका, त्यांचं नंतर सांगते, ते स्वतंत्र प्रकरण आहे.

तर योकोहामा. १९८७ च्या सप्टेंबरात मायकलची बॅड या अल्बमची टूर जपानपासून सुरू झाली आणि योकोहामाचा शो तिथल्या निप्पॉन टीव्हीने शूट करून दाखवला. नवऱ्याने त्याची व्हिडिओ कॅसेट कॉलेजात असताना फोर्टच्या फुटपाथवरून आणली. जपानची कॅसेट एनटीएससी पद्धतीची, आपले टीव्ही पॅल पद्धतीचे, दोघांचं जमत नाही, त्यामुळे घरी आणून लावली तर चित्र काळंपांढरं आणि वरून फिरतंय. हा माणूस कितीतरी महिने तसाच बघत राहिला, मान वरखाली करत. अजूनही रंगीत कॉपी लावली की त्याला चुकल्यासारखं होतं. त्याचं म्हणणं, टूरची सुरुवात, आवाज ताजातवाना, असा आवाज पुन्हा लागला नाही. त्यावर वेम्बलीवाला म्हणतो, अरे पण टूर बॅडची आणि त्यात बॅडमधली गाणी कितीशी, सगळा जुनाच माल, खरा कार्यक्रम १९८८ च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीपासून नव्याने बसवला. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की परवा भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी बघताना माझ्या तोंडून निघणार होतं, सगळा जुनाच माल.

वेम्बलीवाल्याची मात्र मला मनापासून दया येते. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर मायकलने १९८८ मध्ये सात रात्री शो केले, पाच लाखांच्या वर माणसं आली, १६ जुलैच्या शोला तर चार्ल्स आणि डायना होते. याने आयुष्याची उमेदीची वर्षं त्या शोचे तुकडे गोळा करण्यात घालवली, कुठे बातम्यांमधली पंधरा सेकंदं, कुठे कुणाच्या तरी खिशातल्या टेपरेकॉर्डरवरचं अर्धं गाणं ज्यात मायकल कमी आणि शेजारची बाई जास्त ऐकू येते. आणि २०१२ साली बॅड अल्बमच्या पंचविशीनिमित्त तोच १६ जुलैचा अख्खा शो कंपनीने रीतसर डीव्हीडीवर काढला. झालं. आता तो अधिकृत! आमच्या हॉलच्या घटनेनुसार अधिकृत रेकॉर्डिंग स्पर्धेत धरत नाहीत. कुणाला दुकान उघडायला मिळावं आणि त्याच दिवशी समोरून फ्लायओव्हर जावा असं त्याचं झालं.

पण हा गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याचा युक्तिवाद असा की ती डीव्हीडी खुद्द मायकलकडे असलेल्या व्हीएचएस कॉपीवरून बनवली, आणि हे खरंच आहे, कंपनीनेच तसं सांगितलं होतं, चित्र बघितलं तरी कळतं. मग घरच्या व्हीएचएसवरून काढलेलं चित्र, कडा भुरकट, रंग पसरलेले, हे बूटलेग नाही तर काय? वृत्तीने तरी बूटलेगच ना? यावर एका पावसाळ्यात सलग तीन रविवार चर्चा झाली. नवरा म्हणाला वृत्ती बघायला लागलो तर सगळेच मोकाट सुटतील. मधे भाच्याने विचारलं, मग मामा, योकोहामा तरी टीव्हीवर दाखवलेलं, ते कसं अनधिकृत? नवऱ्याने त्या दिवशी भाच्याला दुसरा चहा विचारला नाही.

सगळ्यात मोठी भांडणं कशावरून होतात सांगू? मायकल काहीच करत नाही त्यावरून. १९९२ च्या डेंजरस टूरमध्ये तो सुरुवातीला स्टेजच्या खालून फटकन वर उडून यायचा, चाहते त्या यंत्राला टोस्टर म्हणतात, आणि मग नुसता उभा राहायचा. हात नाही पाय नाही, गॉगल लावून पुतळा. मिनिट, दीड मिनिट, आणि खाली लोक बेशुद्ध पडतायत, त्यांना उचलून नेतायत. बुखारेस्टचा १ ऑक्टोबर १९९२ चा शो एचबीओने दाखवला, त्यात हे सगळं दिसतं, पण तोही पुढे डीव्हीडीवर आला म्हणजे बाद. त्यामुळे भाच्याने बाकीच्या शहरांची रेकॉर्डिंग्ज जमवून स्टॉपवॉच लावून तक्ता केलाय, कुठे किती वेळ उभा. आमच्या हॉलमध्ये चार सुशिक्षित पुरुष, त्यातले दोन इंजिनिअर, एका न हलणाऱ्या माणसाकडे न हलता बघत बसलेले असतात, आणि मी आत कुकर लावलेला असतो तर मला शिट्टी धरायला सांगतात. का तर रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी मागे शिट्टी मारतो, ती महत्त्वाची आहे.

मधे नवऱ्याला कुठूनतरी एक निव्वळ ऑडिओ मिळाला, प्रेक्षकांत बसून केलेला. त्यातली शेवटची गाणी नेहमीपेक्षा फास्ट आणि आवाजही चढा. नवरा वेडाच झाला, बघ बघ काय एनर्जी, शेवटाकडे माणूस थकतो हा चढतोय, सूर अर्धा वर नेला याने! दोन आठवडे ते रेकॉर्डिंग आमच्याकडे गणपतीसारखं बसलं होतं. मग ब्रुनेईवाल्याने येऊन ऐकलं आणि म्हणाला, मामा, रेकॉर्ड करणाऱ्याचे सेल उतरत आलेले. टेप हळू फिरत होती, हळू फिरलेली टेप नीट स्पीडला लावली की गाणं पळतं. नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, सगळंच सेलमुळे नसणार.

सासऱ्यांना वाटतं की पोरं वाया गेली. ते पट्टीचे कानसेन, माळ्यावर त्यांची एक पेटी आहे, त्यात सवाई गंधर्वातल्या आणि लोकांच्या दिवाणखान्यातल्या खाजगी मैफलींच्या कॅसेट्स, बहुतेक भीमसेनजी. एकदा हॉलमधल्या आरडाओरड्याला कंटाळून ते म्हणाले, या इकडे, रेकॉर्डिंग कशाला म्हणतात ते ऐकवतो. चौघं शाळेतल्या मुलांसारखे ओळीने बसले. कॅसेट लागली, तंबोरे सुरू झाले, खर्जात पहिला स्वर लागला आणि कुणीतरी जोरात खोकलं. सासरे डोळे मिटून म्हणाले, हा आमच्या बँकेतल्या मॅनेजरांचा खोकला, म्हणजे ही पहिलीच कॉपी आहे, पुढच्या कॉपीत हा खोकला अर्धा गेलाय. वेम्बलीवाल्याने खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. तेव्हापासून सासरे हॉलमध्येच बसतात, माझा एक कप वाढला.

आता ब्रुनेई. १९९६ च्या जुलैमध्ये ब्रुनेईच्या सुलतानाच्या पन्नाशीनिमित्त तिथल्या जेरुडाँग पार्कमध्ये मायकल गायला, लोकांना फुकट. त्याचा व्हिडिओ नंतर बाहेर आला आणि भाच्याच्या मते तोच सर्वश्रेष्ठ, कारण तिथे मायकल बराचसा खरा गायलाय. त्यानंतर सप्टेंबरात प्रागपासून हिस्टरी टूर सुरू झाली, वर्षाहून थोड्या जास्त काळात ८२ शो, आणि त्यात बरीच गाणी आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ओठ हलवून व्हायची, हे कट्टर चाहतेही मान्य करतात, जरा खालच्या आवाजात. भाचा आता कॉम्प्युटरवर गाणं फोडून आवाज वेगळा, ड्रम वेगळे करतो आणि दाखवतो, हा श्वास खरा, ही ओळ खरी, इथून पुढे टेप. मग इतर तिघं त्या एका श्वासावर वाद घालतात. मामी, तुम्हीच ऐका, असं म्हणून माझ्या कानाला हेडफोन लावला होता एकदा, मी हातात कणीक घेऊन उभी. मला नुसता हाः असा आवाज आला. मी म्हटलं खरा वाटतोय. तर म्हणे, मामी तो पंखा आहे.

आणि याच हिस्टरी टूरमध्ये मायकल मुंबईला आला, १ नोव्हेंबर १९९६, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स. राज ठाकऱ्यांच्या शिवउद्योग सेनेने आणला होता, विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून ओवाळायला, तो मातोश्रीवर जाऊन आला, सगळं साग्रसंगीत. कार्यक्रम एका संध्याकाळीत उरकला आणि त्याच्या करमणूक कराच्या माफीचं प्रकरण कोर्टकचेऱ्या करत २०२१ पर्यंत चाललं, टूर म्हणावी तर ही. वरच्या मजल्यावरचे काका त्या दिवशी तिथे होते. प्रत्यक्ष! तिकीट काढून, अंगात नवा शर्ट घालून. आमच्या हॉलमध्ये मायकलला डोळ्यांनी बघितलेला हा एकच माणूस, आणि त्यांना कोणी धरत नाही. कारण अंधेरीच्या शोचं धड रेकॉर्डिंग आमच्या टोळीतल्या कुणाकडेच नाही, त्यामुळे पुरावा शून्य.

सुरुवातीला त्यांची साक्ष झाली होती. भाच्याने वही घेऊन विचारलं, काका, आवाज खरा होता की टेप? काका म्हणाले मला काय माहीत, मी ओरडत होतो. सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची यादी, कशी होती? म्हणाले एकामागून एक गाणी झाली. बरं, दिसलं काय? तर म्हणे इतका लांब होता की काडीपेटीतली काडी, पण पडद्यावर मोठा दिसत होता, आणि स्टेजवर रणगाडा आला होता, रणगाडा पक्का आठवतोय, आणि येताना अंधेरी स्टेशनात हीऽ गर्दी, एक चप्पल गेली. बोलताना काकांचा चेहरा असा उजळला होता की मी गॅस बारीक करून बाहेर येऊन ऐकलं. भाच्याने वहीत लिहिलं, साक्षीदार अविश्वसनीय. नवरा तर मला आत येऊन म्हणाला, याला नशिबाने चान्स मिळाला आणि याने वाया घालवला बघ.

गेल्या रविवारी एकदाचं मतदान घ्यायचं ठरलं. योकोहामा एक, वेम्बली एक (वृत्तीने बूटलेग म्हणून तात्पुरती परवानगी), ब्रुनेई एक, काकांचं अंधेरी एक, सासरे म्हणाले मी भीमसेनजींना देतो, ते बाद. बरोबरी. मग सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मी शांतपणे हात पुसले आणि अंधेरीला मत दिलं. विचार साधा होता, ज्याचं रेकॉर्डिंगच नाही ते जिंकलं तर कुणाला लावून बघता येणार नाही, आणि काकांचाही एकदा मान राहील. काकांनी खरोखर उठून मला नमस्कार केला.

बाकीच्या तिघांची तोंडं पाच मिनिटं पडली होती. मग वेम्बलीवाला म्हणाला की जिंकलंय तर शोधायला पाहिजे. भाचा म्हणाला त्या काळी हँडीकॅमवाले कमी नव्हते. काकांना एकदम आठवलं की त्यांच्या पुढच्या रांगेत एकाकडे होता, आणि तो माणूस त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीतला, बोरिवलीचा. चार फोन झाले. रात्री नऊला तो सापडला. कॅसेट आहे म्हणाला, बघितलेली नाही कधी, छोटी आठ एमएमची आहे, पण प्लेअर नाही.

नवरा माझ्याकडे वळला. तुझ्या भावाच्या लग्नाचं शूटिंग असल्याच कॅसेटवर होतं ना गं? तुमच्याकडे तो कॅमेरा आहे का अजून?

मी म्हटलं, छे, तो कधीच भंगारात गेला.

माझ्या देखतच त्याने माझ्या आईला फोन लावला.